सस्पेन्स अकाउंट

"हे बाई खोटी हाय," माय म्हणाली.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सुलतानपूरच्या आमच्या जुन्या घरात, मधल्या खोलीत आम्ही दोघं बसलो होतो. बाहेर पागोळ्या गळत होत्या. टीव्हीच्या पडद्यावर १९३८ सालची एक आगगाडी युरोपातल्या कुठल्याशा काल्पनिक देशातून धावत होती. चित्रपट आल्फ्रेड हिचकॉकचा, 'द लेडी व्हॅनिशेस'. मायचं वय ८८, शिक्षण चौथी, इंग्रजीचा गंध नाही. गाडीच्या एका डब्यात पट्ट्यांत गुंडाळलेला एक रुग्ण निजलेला आणि त्याच्या उशाशी झगा घातलेली एक ख्रिस्ती जोगीण. माय सुपारी कातरता कातरता पडद्याकडे पाहत होती. मी विचारलं, "खोटी कशावरून, माय?"

"पाय पाह्य तिचे. देवाचा झगा घातला न पायात उंच टाचेचे बूट!"

हा चित्रपट मी चाळीसेक वर्षांपूर्वी मुंबईत पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्या टाचा मला नायकाला दिसल्यावरच दिसल्या होत्या. मी पदवीधर, बँकेत नोकरीला, वर चार कथा छापून आलेल्या म्हणून स्वतःला चाणाक्ष समजणारा. मायनं मात्र एकही संवाद न कळता नायकाच्या आधी चोर पकडला. त्या रविवारपासून आमच्या घरी एक रिवाजच पडला. दुपारची झोप झाली की चहा, आणि चहानंतर जुना, काळा-पांढरा, ब्रिटिश रहस्यपट. भाच्यानं टीव्हीला इंटरनेट जोडून दिलेलं आहे, त्यामुळे एकेकाळी ज्या चित्रपटांसाठी मी मुंबईत उभ्या लोकलनं धावत जायचो, ते आता पाटावर बसून दिसतात. मायची एकच अट, रंगीत नको. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "रंगीतमंदी कुठं पाहावं तेच समजत नाही. ह्याच्यात उजेड जिकडं पडते तिकडं पाहाचं."

छायालेखनावरची दोन जाडजूड पुस्तकं मी वाचली आहेत. त्यांत याहून वेगळं फारसं काही नाही.

सुलतानपूर म्हणजे कुठलं, असं पुण्या-मुंबईचे वाचक विचारतील. मेहकरहून सिंदखेडराजामार्गे जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, लोणार तालुक्यातलं आमचं गाव. लोणारचं सरोवर इथून दहा-बारा किलोमीटरवर. तसं पाहिलं तर एक मोठी रहस्यकथा आमच्या शेजारीच पडून होती. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या एका ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्या विवराची नोंद केली, आणि ते ज्वालामुखीनं झालं की उल्केनं, याचा निकाल लागायला १९७० चं दशक उजाडावं लागलं. दीडशे वर्षं चाललेला सस्पेन्स! पण आम्हा पोरांना त्याचं काय? आम्ही तिथं सहलीला जायचो, गोमुखाच्या धारेखाली भिजायचो आणि परत यायचो.

आमचं खरं रहस्य असायचं तंबूत. सुगी आटोपली की टुरिंग टॉकीज यायची. दिवसा गाडीवरून भोंगा फिरायचा, रात्री जनरेटरची धडधड सुरू व्हायची. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष आणि मधे दोरी. 'बीस साल बाद', 'वह कौन थी' मी तिथंच मातीवर बसून पाहिले. राजा परांजप्यांचा 'पाठलाग'ही तिथलाच. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून १९६४ मध्ये निघालेला हा चित्रपट. वकिलाची बायको मरण पावलेली आहे, आणि एक दिवस आरोपी म्हणून हुबेहूब तिच्याच चेहऱ्याची बाई त्याच्यासमोर उभी राहते. काशिनाथ घाणेकर आणि भावना. पुढं १९६६ मध्ये राज खोसलांनी यावरूनच 'मेरा साया' काढला आणि तो देशभर गाजला. पण ज्यानं आधी 'पाठलाग' पाहिला आहे, त्याला 'मेरा साया' रंगवलेल्या जुन्या फोटोसारखा वाटतो. (हे माझं मत. आमच्या घरातच ते मान्य नाही. मायला साधना आवडते.)

तंबूत मशीन एकच असे. रीळ संपलं की दिवा लागायचा, ऑपरेटर पुढचं रीळ चढवायचा, आणि तोवर कोर्टातली ती बाई खरी की खोटी, यावर सगळा तंबू वाद घालायचा. आज विचार करतो तेव्हा वाटतं, मला रहस्यपटाचं वेड लागलं ते त्या रीळ बदलायच्या चार मिनिटांत. वाचनालयातली बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं त्यानंतर आली.

०००

१९८२ साली मी बँकेत लागलो आणि दोन-तीन वर्षांत मुंबईला फोर्टमधल्या शाखेत गेलो. खोली डोंबिवलीत, चौघांत एक. शनिवारी अर्धा दिवस काम. एका सहकाऱ्यानं फिल्म सोसायटीचा सभासद करून घेतलं. आजच्या तरुण वाचकांना फिल्म सोसायटी म्हणजे काय, हे सांगावं लागेल. सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली १९५९ मध्ये या सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ स्थापन झाला होता, मुंबईत १९६८ पासून 'प्रभात चित्र मंडळ' काम करत होतं, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून सोसायट्यांना प्रिंट मिळत. वर्षाची वर्गणी भरायची, घडीच्या खुर्चीवर बसायचं आणि मागं घरघरणाऱ्या प्रोजेक्टरच्या साथीनं जगातले चित्रपट पाहायचे. बरेच सभासद रशियन आणि फ्रेंच चित्रपटांवर गंभीर चर्चा करणारे होते. त्यांच्यात मी आपला शेवटच्या रांगेत बसून रहस्यपटाची वाट पाहणारा. ही आवड त्या मंडळींत जरा हलकी समजली जायची, म्हणून मी ती फारशी बोलून दाखवत नसे.

पहिला पाहिला तो 'द थर्टी-नाइन स्टेप्स', १९३५ चा. लंडनच्या एका खोलीत कामवाल्या बाईला प्रेत दिसतं. ती वळते, तोंड उघडते, आणि तिच्या किंकाळीऐवजी आपल्याला ऐकू येते आगगाडीची शिटी. पुढच्या क्षणी नायक त्या गाडीत बसून स्कॉटलंडकडे पळतो आहे! मी खुर्चीत ताठ झालो. त्याआधी १९२९ च्या 'ब्लॅकमेल'मध्ये, बोलपट नुकता आला असताना, याच दिग्दर्शकानं आणखी एक करामत केली होती. आदल्या रात्री जिच्या हातून चाकूनं खून झाला आहे, ती मुलगी सकाळी न्याहारीला बसली आहे. शेजारीण खुनाबद्दल बडबडते आहे. हळूहळू तिचे सगळे शब्द पुसट होत जातात आणि 'चाकू' हा एकच शब्द टोचत राहतो. आवाज नुकता हाती आला होता, आणि या माणसाला लगेच कळलं होतं की ऐकू न येणारं काय ठेवायचं.

हिचकॉकनं फ्रांस्वा त्र्युफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेली प्रदीर्घ मुलाखत प्रसिद्ध आहे. तीत तो दचकणं आणि सस्पेन्स यांतला फरक सांगतो. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारत आहेत आणि खालचा बॉम्ब एकदम फुटला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकेल. पण बॉम्ब खाली आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर त्याच फालतू गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकेल. आपल्याकडच्या पुष्कळ लेखकांना (त्यात मीही आलो) हे उशिरा कळलं. आम्ही खुनी कोण, ते शेवटच्या पानापर्यंत लपवण्यात सगळी शक्ती घालवली.

बँकेत मात्र 'सस्पेन्स' या शब्दाला वेगळा अर्थ आहे. ज्यांनी बँकेत काम केलं आहे ते हसतील. प्रत्येक शाखेत 'सस्पेन्स अकाउंट' नावाचं एक खातं असतं. एखादी रक्कम गेली आहे किंवा कमी पडते आहे, पण ती कुणाच्या नावावर टाकायची हे अजून कळलेलं नाही, अशी रक्कम तात्पुरती या खात्यात नावे टाकून ठेवतात. वरच्या कचेरीचा या खात्यावर कायम डोळा. किती नोंदी पडून आहेत, किती दिवसांपासून, का मिटवल्या नाहीत, याची सारखी विचारणा. सदतीस-अडतीस वर्षं मी या खात्याच्या नोंदी मिटवल्या. एक मात्र राहून गेली. तिच्याकडे येतोच.

०००

ब्रिटिशांचेच रहस्यपट का, असं मला नेहमी विचारतात. अमेरिकन काय वाईट आहेत? वाईट मुळीच नाहीत. पण त्यांच्यात टोळ्या आहेत, पिस्तुलं आहेत, रात्रीचे क्लब आहेत. सुलतानपूरच्या माणसानं त्यात स्वतःला कुठं बसवायचं? ब्रिटिश चित्रपटात काय असतं? रेल्वेचं वेळापत्रक, घरमालकीण, पोस्टातली तार, कचेरीतली घंटी, रांग, शिस्त आणि चहा. आपली कोर्टं, आपली रेल्वे, आपल्या बँकांची लेजरं त्यांच्याच साच्यातून निघालेली आहेत. त्यामुळे तिथला कारकून घाबरला की आपल्याला तो अनोळखी वाटत नाही.

'द लेडी व्हॅनिशेस' पाहा. गाडीतून एक म्हातारी बाई नाहीशी झाली आहे. ती गाडीत होती, हेच सगळे नाकबूल करतात. तिनं धुकटलेल्या काचेवर बोटानं आपलं नाव लिहिलेलं असतं, तेही बोगदा येताच पुसलं जातं. शेवटी पुरावा कसला, तर चहाच्या पुड्याचं कागदी वेष्टन! बाहेर फेकलेल्या कचऱ्यातलं ते वेष्टन वाऱ्यानं खिडकीच्या काचेला क्षणभर चिकटतं. मायनं इथं टाळी वाजवली. आणि ते दोन क्रिकेटवेडे साहेब! म्हातारी पाहिली होती, असं सांगितलं तर गाडी थांबेल, गाडी थांबली तर मँचेस्टरची टेस्ट मॅच हुकेल, म्हणून ते सरळ खोटं बोलतात. दुष्टपणा नाही, फक्त स्कोअरची काळजी. जीव धोक्यात घालून लंडनला पोचतात तर फलक लागलेला, पुरामुळे सामना रद्द. गंमत म्हणजे १९३८ साली मँचेस्टरची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी पावसामुळे एकही चेंडू न टाकता खरोखरच रद्द झाली होती.

सगळेच प्रसंग मायला पटतात असं नाही. 'सॅबोटाज' (१९३६) मध्ये एक शाळकरी पोरगा, आपल्या हातातल्या पुडक्यात बॉम्ब आहे हे ठाऊक नसताना, लंडनभर रमतगमत फिरतो आणि बसमध्ये बसतो. बॉम्ब फुटतो. माय उठून आत गेली. "लेकराले काहून मारलं?" एवढंच म्हणाली. मी तिला सांगितलं नाही, पण हिचकॉकनंही पुढं कबूल केलं होतं की आपलं ते चुकलं.

१९४० चा 'गॅसलाइट' मी मुद्दाम लावला. आज तरुण मुलींच्या तोंडी 'गॅसलाइटिंग' हा शब्द सर्रास असतो, त्याचं मूळ पॅट्रिक हॅमिल्टनच्या या नाटकात आहे. नवरा घरातल्या वस्तू लपवतो, बायकोवर आळ घेतो, दिव्याची ज्योत कमी झाली असं ती म्हणाली तर तुला भास होतात म्हणतो. हळूहळू तिला स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा उरत नाही. चार वर्षांनी हॉलिवूडनं इन्ग्रिड बर्गमनला घेऊन तो पुन्हा काढला, तो जास्त प्रसिद्ध. मला थोरोल्ड डिकिन्सननं केलेला पहिला अधिक बोचतो. त्यात गोड प्रकाश नाही. चित्रपट संपल्यावर माय बराच वेळ गप्प होती. मग गावातल्या एका बाईचं नाव घेऊन म्हणाली, "तिले आम्ही समद्यांनी येडी म्हनलं. तिचा नवरा म्हनत होता म्हून." ते नाव मी इथं देत नाही. ती बाई जाऊन पन्नास वर्षं झाली.

रिचर्ड ॲटनबरोंना आपण 'गांधी'मुळे ओळखतो. १९४७ च्या 'ब्रायटन रॉक'मध्ये हाच माणूस कोवळ्या चेहऱ्याचा, थंड डोळ्यांचा गुंड होता, हे सांगून खरं वाटत नाही. ॲलिस्टर सिमचा इन्स्पेक्टर पाहायचा असेल तर 'ग्रीन फॉर डेंजर' (१९४६). युद्धकाळातलं इस्पितळ, ऑपरेशनच्या टेबलावर मरणारी माणसं, आणि विनोद करत तपास करणारा हा उंच, विचित्र अधिकारी. एवढ्यावरच सोडतो, नाहीतर रहस्य फुटेल.

पण कॅरॉल रीडकडे यायलाच हवं. त्याचे आणि ग्रॅहम ग्रीनचे लागोपाठचे दोन चित्रपट, 'द फॉलन आयडॉल' (१९४८) आणि 'द थर्ड मॅन' (१९४९). पहिल्यात वकिलातीच्या प्रचंड घरात एकटा पडलेला एक मुलगा आहे. त्याचा देव म्हणजे तिथला बटलर. त्यानं खून केला असं मुलाला वाटतं, आणि त्याला वाचवण्यासाठी तो पोलिसांशी खोटं बोलत सुटतो. प्रत्येक खोट्यानिशी बटलर आणखी अडकत जातो. एका प्रसंगी एका तारेचं त्या मुलानं विमान केलेलं असतं, ते कागदी विमान सगळ्यांच्या डोक्यांवरून तरंगत खाली येतं आणि आपण श्वास रोखून बसतो.

'द थर्ड मॅन'बद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी काय सांगणार! युद्धानंतरचं, चार सत्तांनी वाटून घेतलेलं व्हिएन्ना. आंटोन कारासच्या झिदर वाद्याची ती छेडखानी. अंधाऱ्या दारात उभा असलेला माणूस, त्याच्या बुटांशी घुटमळणारं मांजर आणि समोरच्या खिडकीतून एकदम पडलेला उजेड. तासभर ज्याच्याविषयी नुसतं ऐकलं तो हॅरी लाइम असा दिसतो. छायालेखक रॉबर्ट क्रास्करला त्याबद्दल ऑस्कर मिळालं. मला मात्र दोन वेगळ्या जागा आठवत राहतात. लाइम भेसळीचं पेनिसिलिन विकतो. त्यानं ज्यांचं वाटोळं झालं ती मुलं इस्पितळात आहेत, आणि रीड ती मुलं आपल्याला दाखवतच नाही. पाहणाऱ्याचा चेहरा दाखवतो, आणि खोक्यात पालथं टाकलेलं एक खेळण्यातलं अस्वल. दुसरी जागा आकाशपाळण्याची. उंचावर गेल्यावर लाइम मित्राला खालची माणसं दाखवतो. ठिपके. त्यातला एखादा ठिपका हलायचा थांबला तर तुला खरंच वाईट वाटेल का, असा त्याचा सवाल.

मुंबईत हे पाहिलं तेव्हा मी लाइमचा तिरस्कार केला आणि लोकल पकडून डोंबिवलीला गेलो.

०००

आता ती राहिलेली नोंद.

१९९६ साली मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी शाखेत अकाउंटंट होतो. स्ट्राँगरूमच्या दोन चाव्या, एक माझ्याकडे, एक कॅशियरकडे. जॉइंट कस्टडी. एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. कॅशियर माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे, अबोल. एका संध्याकाळी कॅश टॅली होईना. पाच हजार कमी. पन्नासच्या नोटांचं एक पाकीट. त्यांच्या जवळजवळ महिन्याच्या पगाराइतकी रक्कम. आम्ही सगळं पुन्हा मोजलं. सुटी पाकिटं नोटन् नोट मोजली. बांधलेली बंडलं मात्र वरची चिठ्ठी आणि सह्या पाहून बाजूला ठेवली, कारण ती मोजूनच बांधलेली असतात. रात्रीचे साडेदहा वाजले. आणि मी, सगळ्या स्टाफसमोर, शिपायासकट, त्यांना म्हणालो, "तुमची पिशवी बघू."

त्यांनी पिशवी रिकामी केली. मग न सांगता डबाही उघडला. त्यात अर्धी भाकर होती आणि लोणच्याची फोड.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पतपेढीतून उचल घेऊन पाच हजार भरले. नवव्या दिवशी मळक्या नोटा करन्सी चेस्टला पाठवायच्या म्हणून बंडलं सोडली, तर एका बंडलात दहाऐवजी अकरा पाकिटं निघाली. ते बंडल त्यांनी बांधलं होतं आणि मी तपासून सही केली होती. न मोजता. बंडलावरची चिठ्ठी त्यांनी उलटी करून माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हणालो, "चला, सापडले एकदाचे." पैसे त्यांना परत मिळाले, खातं जुळलं. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. या प्रसंगावर मी कधी कथाही लिहिली नाही, हे आता माझं मलाच चमत्कारिक वाटतं.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे मायबरोबरचा रिवाज सुरू होण्याआधी, रात्री एकट्यानं 'कॅश ऑन डिमांड' लावला. १९६१ चा, हॅमर कंपनीचा. ही कंपनी भुताखेतांच्या चित्रपटांसाठी प्रसिद्ध, पण हा छोटेखानी चित्रपट जवळजवळ सगळा एका बँकेच्या शाखेत घडतो. नाताळ तोंडावर आलेला, बाहेर बर्फ. पीटर कुशिंग मॅनेजर झाला आहे, कडक इस्त्रीचा, नियमाबाहेर एक शब्द न बोलणारा. एका किरकोळ चुकीवरून तो पिअर्सन नावाच्या आपल्या जुन्या, वयस्क हाताखालच्या माणसाची नोकरी घालवायची धमकी देतो. पिअर्सन मान खाली घालून उभा. मग विमा कंपनीचा अधिकारी म्हणून एक रुबाबदार गृहस्थ येतो. आंद्रे मोरेल. तो खरा दरोडेखोर. तुझी बायको आणि मुलगा आमच्या माणसांच्या ताब्यात आहेत, असं सांगून तो मॅनेजरकडूनच तिजोरी रिकामी करवून घेऊ लागतो. पिस्तूल नाही, आरडाओरडा नाही. उलट, हा चोरच त्या मॅनेजरला सुनावतो, की तू तुझ्या माणसांशी किती कोरडा वागतोस! आणि मग वेळ अशी येते की मॅनेजरचा सगळा संसार पिअर्सनच्या एका शब्दावर लटकतो. पिअर्सन काय करतो ते पाहूनच घ्या.

मी तो त्या रात्री पुरा पाहू शकलो नाही. पिअर्सनचा चेहरा आला की मला भाकरीचा डबा दिसायचा. चित्रपट थांबवून ओट्यावर जाऊन बसलो. लाइमचा मी तिरस्कार केला होता. पण त्या रात्री साडेदहा वाजता माझ्यासमोर कोण उभं होतं? माणूस, की पाच हजारांचा ठिपका?

कॅशियरसाहेबांचा पत्ता निवृत्त सहकाऱ्यांकडून मिळायला वेळ लागला. ते जिल्ह्यातच, मुलाकडे राहतात. वय ऐंशीच्या पुढं. फोनवर मला बोलताच येईना. शेवटी म्हणालो, "एक बँकेचा सिनेमा आहे, तुम्हाला दाखवायचा आहे." त्यांनी काही विचारलं नाही. म्हणाले, "रविवारी येतो साहेब."

यंदाच्या जानेवारीत ते एसटीनं आले. मायनं पोहे केले. सिनेमा लावायच्या आधी बोलायचं, असं मी पक्कं ठरवलं होतं, पण बशा आल्या, पाणी आलं, तुरीच्या भावावर गोष्टी निघाल्या आणि ते राहून गेलं. मी सिनेमा लावला. ते खुर्चीत पुढं सरकून, गुडघ्यांवर हात ठेवून पाहत होते. मला पडद्यापेक्षा त्यांच्याकडेच जास्त पाहावंसं वाटत होतं. तिजोरीत मॅनेजर नोटांची बंडलं भराभरा दरोडेखोराच्या पेटीत रचतो, तो प्रसंग आला तेव्हा ते एकदा खाकरले. पिअर्सनच्या शेवटच्या प्रसंगाला मायनं माझ्याकडे पाहिलं. तिला मी यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

चित्रपट संपला. दिवा लावला. थोड्या वेळानं ते म्हणाले, "ह्यांनीबी बंडलंच मोजली, साहेब. आतली पाकिटं कोणी मोजली नाही."

"त्या चिठ्ठीवर सही माझी होती," मी म्हणालो.

"हो," ते म्हणाले, "म्हणून तर उलटी ठेवली. शिपाई उभा होता ना तिथं."

मग मायकडे वळून त्यांनी मेहकरच्या गाडीची वेळ विचारली. साडेपाचची गाडी होती. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेलो.